बाप-लेक बागकाम

नवी सून घरात आली की लोक तिचा पायगुण बघतात. आमच्या घरात जावयाचा बघायची पाळी आली. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, ज्या कामाला लागायचे ते काम थोड्या दिवसांत बंद पडायचं. लग्नाच्या वेळी ते सिनेमाच्या थेटरात होते. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं काम. ताईला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी कायमची आहे का?" तर हे म्हणाले, "लोकांना सिनेमा तर लागतोच की." लग्नाचे कपडे नीट मळलेही नव्हते तोवर त्या थेटराचं गोदाम झालं. मग सोड्याच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागले. तिथं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि धुणारे घरी गेले.

मी शिंपी माणूस, तोंडाचा फटकळ. एकदा म्हणालो, "भाऊजी, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसत जाऊ नका. रस्त्यावर उभं राहूनच बोला." ते खो खो हसले आणि पायरीवरच बसले. त्यांना कशाचा राग यायचा नाही, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा.

पुढे ते रस्त्याच्या खात्यात रोलरवर लागले आणि तिथं मात्र टिकले. डोक्यावर पत्र्याचं छप्पर, समोर ते लोखंडी चाक, आणि दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे. मी दहा मिनिटं बसलो तर दात खिळखिळे झाले माझे. पण भाऊजींचा जीव त्यात रमला. म्हणायचे, "जमीन पक्की बसली ना, की आवाज बदलतो. चाकाखालून कळतं." लोक त्यांना रोलरवालेच म्हणू लागले. ताईला भाजीवालीसुद्धा 'रोलरवाल्यांची' म्हणून ओळखायची.

त्या नोकरीतली एक गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. एका नव्या रस्त्यावर साहेबाची घाई होती. भराव नीट दाबायच्या आत वर खडी पडली. पाऊस झाल्यावर तिथली जमीन खचली आणि पहाटे सायकलवरून जाणारा दूधवाला खड्ड्यात गेला. त्याचा पाय मोडला तो कायमचा. चूक साहेबाची होती, कागदावरही कोणी भाऊजींचं नाव घेतलं नाही. पण भाऊजी त्या दूधवाल्याच्या घरी जाऊन आले आणि तेव्हापासून मऊ जमीन दिसली की त्यांचा चेहरा बदलायचा. आमच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळची माती जरा ओली झाली तरी पायानं दाबत बसायचे. ताई म्हणायची, "अहो, घर आहे हे, रस्ता नाही."

मग खात्यानं स्वतःचे रोलर ठेवायचं बंद केलं. कामं ठेकेदारांकडे गेली, आणि ठेकेदारांची आपली पोरं होती. भाऊजी डबा आणि खांद्यावरचा टॉवेल घेऊन घरी आले. मी दुकानातून बघत होतो. त्यांची खिल्ली उडवायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण या वेळी ते हसत नव्हते.

बरेच दिवस ते खिडकीशी बसून होते. आणि एका सकाळी माझ्या पायरीवर येऊन म्हणाले, "बागकाम करायचं ठरवलंय. स्वतःचं."

"बागकाम? तुम्ही? घरात तुळस तरी जगवलीत का?"

"शिकेन. अरे, थेटराला कुलूप लागतं, कारखान्याला लागतं, खात्याला लागतं. झाडाला कोण कुलूप लावणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीसाठी काहीतरी असं ठेवून जायचंय, जे बंद पडणार नाही. मला बाकी काही नको."

पोरगी म्हणजे माझी भाची. ती तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायला आणि पेशंटची नावं पुकारायला बसायची. दिवसभर आतून येणारा तो मशीनचा आवाज ऐकून ती वैतागली होती. बापानं विचारलं आणि ही तयार! ताईनं डोक्याला हात लावला. म्हणाली, "एक होता तो पुरे होता." पण बाप-लेकीनं पत्र्यावर पाटी रंगवून आणली, 'बाप-लेक बागकाम', आणि ती माझ्याच दुकानाच्या दाराशी ठोकली. मला विचारायची पद्धत त्या घरात नाहीच.

खरं सांगतो, मला वाटलं होतं महिनाभरात पाटी उतरेल. पण जम बसला. गॅलरीतल्या कुंड्या, बंगल्यांची कुंपणं छाटणं, दवाखान्याच्या पायऱ्यांवरची फुलझाडं. भाची लवकर शिकली. रोपं विकत घ्यायची त्या नर्सरीवाल्या बाईंशी तिची गट्टी झाली. पानाचा रंग बघून पाणी जास्त झालंय की कमी हे ती सांगायची आणि भाऊजी माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. संध्याकाळी दोघं मातीनं भरलेली परत यायची, एकमेकांची चेष्टा करत. इतकं हसणारं घर मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला हेवा वाटायचा, कशाला लपवू?

मग ते मोठं काम मिळालं. गावाबाहेर नवीन इमारती झाल्या होत्या. त्यांच्या भिंतीच्या कडेनं लांबलचक पट्टा, त्यावर हिरवळ आणि सावलीच्या झाडांची रांग. भाऊजींना झोप लागेना. "कुंडी काय, आज आहे उद्या फुटेल. ही झाडं मी गेल्यावर उभी राहतील. ही म्हातारी होईल तेव्हा यांच्या सावलीत बसेल," म्हणायचे. भाची म्हणायची, "मला आत्ताच म्हातारी करा."

पट्टा भरावाचा होता. बांधकामाची माती, विटांचे तुकडे, सगळं आणून ढकललेलं. भाऊजींनी त्यावर पाय ठेवला आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यांचा चेहरा मला तिथं नसूनही दिसतो. त्यांनी छोटा रोलर भाड्यानं आणला. स्वतः वर बसले आणि तो पट्टा असा दाबला, की सोसायटीचे सेक्रेटरी बघायला खाली उतरले. मग पहारीनं खड्डे घेतले, रोपं ठेवली, चांगली माती भरली आणि जमीन ठोकायचं लोखंडी धुमस घेऊन प्रत्येक रोपाभोवती ठोकून ठोकून बसवली.

भाची म्हणाली, "बाबा, नर्सरीच्या बाई म्हणतात माती भुसभुशीत ठेवा."

भाऊजी हसले. "त्यांना रोपं विकायचीत. उद्या इथं पोरं खेळतील, माणसं चालतील. जमीन खचली तर त्या येणार आहेत का उचलायला?"

ती दुसऱ्यांदाही बोलली. ते दुसऱ्यांदाही हसले. मग तिनं विषय सोडला. एवढ्या मोठ्या आनंदात असलेल्या बापाला पोरगी किती वेळा अडवणार?

टोकाला विजेच्या पेटीमागे एक कोपरा होता. तिथं रोलर वळत नव्हता. भाऊजी रोलर परत करायला गेले तेव्हा तिथलं शेवटचं रोप भाचीनं एकटीनं लावलं, आणि हातानं माती सारखी करून पाणी घातलं.

पहिल्या वर्षी सगळं हिरवंगार होतं. भाऊजी सुट्टीच्या दिवशीही जाऊन यायचे. ताईला घेऊन गेले, मला ओढून नेलं. दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि पट्ट्यावर पाणी साचलं. ते जिरेचना. हिरवळ पिवळी पडली. मग झाडांची पानं गळायला लागली, एकाची, मग शेजारच्याची. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी औषधं फवारली, खत घातलं, वॉचमनवर संशय घेतला, गाड्या धुण्याच्या साबणाला शिव्या घातल्या. रोज सकाळी जायचे आणि एकेका खोडावर नखानं ओरखडून बघायचे, आत हिरवं आहे का. परत आले की आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

रांगेतली सगळी झाडं गेली. कोपऱ्यातलं तेवढं वाढत होतं.

सोसायटीनं सांगितलं, वाळलेली झाडं काढून टाका. मी टेम्पो घेऊन गेलो होतो, सामान आणायला. भाऊजींनी पहिल्या झाडाला हात घातला. जोर लावायची गरजच पडली नाही, ते मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर आलं. खड्ड्यात कुजकं पाणी होतं. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत, भाजलेल्या मडक्यासारख्या. आणि मुळं आतल्या आत गोल गोल फिरून काळी पडली होती. एकही मूळ बाहेर गेलेलं नव्हतं. जायला वाटच नव्हती.

भाऊजींना कोणी काही सांगावं लागलं नाही. जमीन त्यांना कळत होती. त्यांनी दुसरं झाड काढलं, तिसरं काढलं, आणि मग कोपऱ्यातल्या त्या हिरव्या झाडाकडे बघत खाली बसले.

"तू बोलली होतीस ना," ते म्हणाले.

भाची म्हणाली, "जाऊ द्या, बाबा."

"दूधवाल्यासारखं कुणाचं होऊ नये म्हणून ठोकलं गं मी." एवढं बोलले आणि तोंड टॉवेलात घातलं. मी उगाच पाइप गुंडाळत राहिलो.

तिथं परत झाडं लावायला सोसायटी तयार झाली नाही. गाड्या लावायला जागा कमी पडत होती, सिमेंटचे ब्लॉक टाकून मोकळे होऊ म्हणाले. राहता राहिलं ते कोपऱ्यातलं झाड. विजेची पेटी हलवून तो कोपराही मोकळा केला होता, त्यामुळे तेही आड येत होतं. भाची हातापाया पडली, "मी मुळासकट काढून नेते, एक दिवस द्या." दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ठेकेदाराची माणसं खडी उतरवत होती आणि त्याचा रोलर उभा होता. घरामागच्या जागेत त्या झाडासाठी ताईनं खड्डा करून ठेवला होता.

बाप-लेक दोन बाजूंनी खणायला बसले. खणत गेले, खणत गेले, पण मूळ संपेना. भाऊजी कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते. एकदम म्हणाले, "खाली गेलंय. हे बघ, पार खाली गेलंय!" त्यांच्या आवाजात आनंद होता, तो मला सहन झाला नाही. मेलेली सगळी झाडं अलगद निघाली होती, आणि हे जिवंत म्हणून निघत नव्हतं. ठेकेदार घड्याळ बघत होता. शेवटी त्याच्या दोन माणसांनी दोर लावून ओढलं आणि ते कडकन बुंध्याशी तुटलं. भाचीनं फावडं खाली ठेवलं आणि हात ओढणीला पुसले.

तेवढ्यात कळलं, रोलरवरचा पोरगा आलाच नाही. ठेकेदार फोनवर ओरडत होता. कुणीतरी म्हणालं, "हे काका रोलरवाले आहेत." मी भाऊजींचा दंड धरला. म्हणालो, "चला, घरी जाऊ." त्यांनी माझा हात सोडवला आणि वर चढले.

पुढे-मागे, पुढे-मागे. खड्ड्यांवरून, हिरवळीवरून, शेवटी कोपऱ्यातल्या बुंध्यावरून. त्यांनी काही चुकवलं नाही. खाली उतरले तेव्हा पट्टा पाटासारखा सपाट झाला होता. ठेकेदार म्हणाला, "काका, कुठं होतात इतके दिवस? उद्यापासून या."

"येतो," भाऊजी म्हणाले.

टेम्पोत तिघं एका बाकावर बसलो. घर जवळ आल्यावर भाऊजी पोरीला म्हणाले, "तुझं झाड लागलं होतं. तू चालव आता. मी हात लावणार नाही, जवळही येणार नाही. तुझं चालेल."

ती समोर रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "मला नाही लावायची झाडं, बाबा."

ती आता चष्म्याच्या दुकानात बसते. भाऊजी ठेकेदाराच्या रोलरवर जातात, ताई डबा देते, आणि त्या घरात कुणी कुणाची चेष्टा करत नाही. पाटी अजून माझ्या दाराशी आहे. काढायला गेलो की हातोडी हातातच राहते. मधूनच एखादं गिऱ्हाईक विचारतं, "हे बागकामवाले कुठं भेटतील?"

मी मान वर न करता सांगतो, "बंद झालं ते."