कानपिळीचा मान

आमच्या बाई टीव्हीवर रोज संध्याकाळी सासूचे पाय चेपतात आणि तिचे टोमणे गिळून गोड हसतात. ते हसू संपलं की उरलेल्या बाई माझ्या वाट्याला येतात. मी त्यांचा असिस्टंट. मेकअपवाला वेगळा, ड्रायव्हर वेगळा, मोबाइलवर रील काढणारा वेगळा. या सगळ्यांनी नाही म्हटलेलं काम माझं. पाणी कोमट हवं, पण गरम नको. त्यात लिंबू हवं, पण बी दिसता कामा नये. एकदा बी राहिली, तर बाईंनी ती माझ्या तळहातावर थुंकली आणि म्हणाल्या, "जा, लाव तुमच्या वाडीत."

वाडी आमची माकुणसारला. थोडी पानवेल, थोडी केळी, चार माड. बी मी लावली नाही, हात धुतला आणि दुसरं लिंबू कापलं.

या नोकरीतला पहिला नियम म्हणजे फ्रेममध्ये यायचं नाही. सुरुवातीला एका कार्यक्रमात मी बाईंवर छत्री धरली होती आणि फोटोत माझं अर्धं तोंड आलं. बाईंनी सगळ्या युनिटसमोर मला विचारलं, "हे थोबाड बघायला लोक येतात का रे?" सगळे हसले. मीही हसलो, कारण पगार त्याचाही असतो. तेव्हापासून कोणी नुसतं "फ्रेम!" म्हणालं की माझे पाय आपोआप डावीकडे सरकतात. डोक्याला विचारायला थांबत नाहीत.

मला बहीण एकच. बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती. लहानपणी घरात कोणाचं लग्न असलं की ही पुढे घुसून कानपिळी बघायची. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम देतो आणि नवऱ्याकडचे त्याला मानाचे कपडे देतात, एवढाच तो प्रकार. पण हिला लग्नातलं तेवढंच आवडायचं. घरी आली की विचारायची, "दादा, माझ्या नवऱ्याचा कान जोरात पिळशील ना?" मी म्हणायचो, "हातात येईल इतका पिळीन." मला आयुष्यात फार काही मिळवायचं नव्हतं. हे एक करायचं होतं.

नवरा मिळाला पाम गावचा. बोईसरच्या एका कंपनीत फिटर, स्वभावाने गरीब आणि कानाने श्रीमंत. कान बघूनच मी स्थळ पसंत केलं, असं मी सगळ्यांना सांगायचो. लग्नाआधी त्याचा फोन आला, "दादा, जरा हळू हां. मला शिफ्टला जायचंय, कंपनीत हेल्मेट घालायला लागतं."

सुट्टी मागायला गेलो, तर बाई नखं रंगवून घेत होत्या. "त्या दिवशी बोईसरला साडीच्या दुकानाचं उद्घाटन आहे. तू नसशील तर माझी पर्स कोण धरणार?" मी म्हणालो, सख्ख्या बहिणीचं लग्न आहे. त्यांनी नखांवर फुंकर मारली. "मग असं करू. उद्घाटन उरकलं की मीच येते तुमच्याकडे. तू ड्युटीवरच लग्न लाव."

हे आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती चिडेल. ती हरखून गेली. "ती आपल्याकडं येणार हाय? खरंच?" संध्याकाळपर्यंत माकुणसारात कळलं नाही असं घर उरलं नाही. नवऱ्याचं नाव विसरलेल्या आत्याही बाईंच्या मालिकेची गोष्ट सांगू लागल्या.

उद्घाटन लांबलं. मंगलाष्टकं मी बोईसरला साड्यांच्या ढिगाआड फोनवर ऐकली. आम्ही पोचलो तेव्हा होम पेटला होता आणि आईने कानपिळीसाठी भटजींना लाह्यांपाशी थोपवून धरलं होतं. गाडी दिसताच अख्खा मांडव उठला आणि नवरा-नवरीला भटजींच्या हवाली करून फाटकाकडे धावला. नवऱ्याचे कंपनीतले दोस्त माझ्या खांद्याला लोंबकळले, "भाई, मॅडम के साथ एक सेल्फी दिलवा दो ना." त्या दिवशी माझ्याच दारात मला मान मिळाला, तो बाईंचा.

मांडवात शिरताना बाईंनी उंच टाचांच्या चपला काढल्या आणि न बघता मागे केल्या. त्या मी धरल्या. भटजी ओरडले, "नवरीचा भाऊ, पुढे या!"

मी चपला चुलतभावाच्या हातात कोंबल्या, हात पँटला पुसले आणि पुढे गेलो. बहिणीने मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघितलं. डोळे पाण्याने भरले होते आणि ओठ हसत होते. मी नवऱ्याचा कान धरला. खरंच मोठा होता, घामाने ओला झालेला. दम काय द्यायचा ते मी कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात मागून रीलवाल्याचा आवाज आला, "फ्रेम!"

आणि मी डावीकडे सरकलो.

कान सोडला आणि सरकलो. कोणी ढकललं नाही, कोणी ओढलं नाही. मी भानावर येईपर्यंत माझ्या जागी बाई उभ्या होत्या. त्यांनी दोन बोटांत तो कान धरला, मोबाइलकडे बघितलं आणि मालिकेतल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं तर माझ्याशी गाठ आहे हं!" मांडव टाळ्यांनी दणाणला. मी पुन्हा पुढे व्हायला गेलो, तर आईनेच माझा शर्ट धरला. "ऱ्हाव दे रे. ती एवढी मोठी बाई, तिला मध्येच काय थांबवतोस?" नवऱ्याच्या आईने मानाच्या कपड्यांचं पाकीट हळदी-कुंकू लावून बाईंच्या हातात ठेवलं. बहीण तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. ती खाली, लाह्यांकडे बघत होती.

पाठवणीनंतर परतताना गाडीत बाईंनी ते पाकीट उघडलं. निळा शर्टपीस होता. "ई, हे कोण घालतं?" म्हणून त्यांनी तो ड्रायव्हरच्या मांडीवर टाकला. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं, मग शर्टपीस नीट घडी करून डॅशबोर्डवर ठेवला.

पालघर यायच्या आत रील तयार झालं. बाईंच्या खात्यावर लिहायचं आणि नको त्या कमेंट पुसायचं काम माझं. बाई डोळे मिटून सांगू लागल्या, "लिही. या मुलीला भाऊ नव्हता. तिच्या लग्नात तिचा भाऊ मी झाले."

मी म्हणालो, "मॅडम, मी आहे ना."

"अरे, ते कुठे कोणाला माहितीये? भाऊ असला तर मी कशाला कान पिळीन? गोष्ट बसायला नको?"

मी लिहिलं. पुढे हात जोडल्याचं एक चिन्ह आणि एक लाल बदाम टाकला, कारण ते न टाकल्यास बाई ओरडतात. लोक बघता बघता तुटून पडले. 'ताई, तुम्ही देवी आहात.' 'बिचारीला भाऊ नाही, पण नशीब बघा.' आमच्या एका आत्यानेही बदाम टाकले होते.

मग एक कमेंट आली. बहिणीची. ती अजून शालू नेसूनच असणार, पाममध्ये उंबऱ्यावरचं माप ओलांडून नुकतीच आत गेली असणार. तिने लिहिलं होतं, 'मला भाऊ हाय.'

खाली लगेच दोघातिघांनी विचारलं, मग कुठे होता?

बाईंनी डोळे उघडले, आपला मोबाइल बघितला आणि माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "ते काढ."

मी अंगठा ठेवला आणि कमेंट पुसली. पुसताना मनाशी ठरवलं, तिने हेच पुन्हा लिहिलं तर हात लावायचा नाही, मग नोकरी गेली तरी चालेल. सबंध रस्ताभर मी फोन हातात धरून बसलो होतो.

तिने पुन्हा लिहिलं नाही.