चष्मा तयार आहे

केंद्रात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. तोंडावर बाई आणि पाठीमागे कुलूपबाई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि ते तिला मनातून आवडतही असे. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांचे कागद सांभाळायचे, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ते तिने डोळ्यांत तेल घालून केलं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, खाली दातांचा दवाखाना. दारावर पाटी नव्हती, आणि पाटी नको हा हट्टही तिचाच. कोणी पाहिलं तर बाई दात दाखवायला चाललीय असं वाटावं आणि तिने गुपचूप एक मजला जास्त चढावा, एवढाच हिशेब.

लग्न तिने केलं नव्हतं. थोरली बहीण आणि ती, असं दोघींचं घर. बहीण तोंडाने फटकळ. "एकोणीस वर्षं झाली, हिच्या ऑफिसात खुर्च्या किती ते मला अजून माहीत नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्यात अतिशयोक्ती नव्हती. ही कुणाला ताकास तूर लागू देत नसे.

त्याला कारण होतं. आधी ती एका मोठ्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. एक दिवस एक सभ्य माणूस आला. केस नीट विंचरलेले, हातात जेवणाचा डबा. बायको कुठल्या वॉर्डात आहे म्हणाला, गरम आहे तोवर द्यायचंय. हिने रजिस्टर उघडलं, वॉर्ड सांगितला, वर जिना कुठून आहे तेही दाखवलं. त्या बायकोचा उजवा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. खिडकीवरच्या बाईला कोणी बोल लावला नाही, कारण तसा नियमच नव्हता. तिने नोकरी सोडली आणि जिथे तसा नियम करता येईल अशी जागा शोधली.

केंद्रात आल्यावर तिने पद्धत घालून दिली. प्रत्येक बाईचं एक कार्ड. कार्डावर आडनाव नाही, पत्ता नाही, फक्त क्रमांक. त्याखाली फोन कधी केलेला चालेल ती वेळ, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर सांगायचं निमित्त. हे निमित्त ती जिच्या तिच्या घराप्रमाणे ठरवायची. एकीकडे मुलाच्या शाळेतून फोन यायचा, दुसरीकडे शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याकडून. एक जण म्हणाली होती, "लॉटरी लागली म्हणून सांगा, सासू स्वतः फोन आणून हातात देईल." रडत आलेली बाई एवढ्यावर हसायची आणि मग पुढचं सांगायची.

बाई येऊन गेली की तीन महिन्यांनी ही तिला तिच्या वेळेला फोन करी. बरी आहेस का, आमचं काही चुकलं का, पुन्हा यावंसं वाटेल का. उत्तरं ती स्वतः आखलेल्या फॉर्मवर पेन्सिलीने लिहून ठेवी. याला अभिप्राय म्हणतात, हे तिला मॅडम आल्यावर कळलं.

पण मॅडमच्या आधी त्या गणवेश शिवणाऱ्या बाईचं सांगायला हवं. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. आठ वर्षांची मुलगी पदरात. तीन वेळा केंद्रात आली आणि तिन्ही वेळा अंगावर काहीतरी घेऊन आली. तिचे कागद साठत गेले. डॉक्टरांचे दोन दाखले, पाठीचे फोटो, आणि तारीखवार सांगितलेली हकीकत, तीन पानं, तिच्याच अक्षरात. आणखी एक दाखला मिळाला की मुलीला घेऊन घर सोडायचं आणि कोर्टात उभं राहायचं, असं वकीलबाईंनी ठरवून दिलं होतं. कागद नसतील तर मुलगी बापाकडे जाईल, हेही सांगितलं होतं.

"घरी ठेवायची सोय नाही, बाई," ती म्हणाली होती. "गादीखालीसुद्धा सासू हात घालते."

"इथे राहू दे. इथून तुझं नावही बाहेर जायचं नाही."

तिने मान हलवली आणि निघाली. तिच्या कार्डावर वेळ लिहिली होती दुपारी दीड, कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. निमित्त, धागा आलाय.

मॅडम नव्या संचालक. वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांना तक्ते आवडत. एका मोठ्या संस्थेला अहवाल द्यायचा होता आणि त्यात चाळीस बायकांचे अभिप्राय हवे होते, आठ दिवसांत. त्यासाठी एका पानाचा नवा, सुटसुटीत फॉर्म त्यांनी करून आणला.

"चाळीस जणींच्या चाळीस वेळा आहेत," बाई म्हणाली. "दोन महिने लागतील."

"अहो, आपण फोन करतोय, दरोडा घालत नाही. फॉर्मवर नाव तरी कुठे लिहायचंय?"

"नाव नाही हो. पण फोन तर घरातच वाजणार."

"तुमच्या या पद्धतीने वर्षाला दहासुद्धा होत नाहीत. बाकीची केंद्रं कुठल्या कुठे पोचली."

हे तिला लागलं. इथे तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. एकोणीस वर्षं जी कुणाच्या बापाला बधली नाही, ती मागासलेली म्हटल्यावर बधली. तिने कार्डांचा गठ्ठा पुढे घेतला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन लावत सुटली. वेळ पाहिली नाही. निमित्तं पाहत बसायला सवड नव्हती, म्हणून सगळ्यांना एकच ठरवलं. चष्म्याच्या दुकानातून बोलतेय, चष्मा तयार आहे. कोणाला संशय येण्यासारखं त्यात काय आहे, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने गणवेशवालीला फोन लावला. त्या दिवशी कारखाना बंद होता, हे तिला कुठून कळणार? एका म्हाताऱ्या बाईने उचलला.

"चष्मा? कुणाचा चष्मा?"

"बाईंचा. तयार आहे म्हणावं." आणि तिने ठेवून दिला.

दुपारी गठ्ठ्यातलं वेगळंच कार्ड वर आलं, गेल्या वर्षीचं. बाई एकदाच येऊन गेली होती, नंतर फिरकली नव्हती. नंबर वेगळा, पण पलीकडे आवाज सकाळचाच.

"सकाळी एका सुनेचा, आता दुसरीचा? माझ्या घरात चष्मा कोणीच लावत नाही."

तिने फोन ठेवला. तिने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. त्यांवरून काही कळायला मार्ग नव्हता. आडनाव नाही, पत्ता नाही, कारण तिनेच लिहिलं नव्हतं. दोघी सख्ख्या जावा होत्या. एकाच ओट्याशी उभ्या राहून स्वयंपाक करत होत्या, एकमेकींपासून वळ लपवत होत्या आणि एकमेकींना न सांगता हाच जिना चढून आल्या होत्या. त्यांना एकमेकींचं ठाऊक नव्हतं आणि ज्या बाईला दोघींचं ठाऊक होतं तिलाही हे ठाऊक नव्हतं. गुपित इतकं चोख राखलं होतं की ते राखणारीलाच दिसेनासं झालं.

आता काय करायचं ते तिला सुचेना. पुन्हा फोन करून सावध करावं तर फोन कोण उचलेल याचा नेम नाही. ती तोंड धुवायला गेली, तेवढ्यात ज्यावरून ती चष्म्याचं सांगत होती तो टेबलावरचा फोन वाजला. बाहेरून फोन आला तर एकोणीस वर्षांत तिने हॅलोपलीकडे स्वतःहून शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तो मॅडमनी उचलला.

"नमस्कार, महिला साहाय्य केंद्र, बोला," त्या म्हणाल्या. मग रिसीव्हरकडे पाहत राहिल्या. "ठेवून दिला. राँग नंबर असेल."

बाईने त्यांना सगळं सांगितलं. मॅडम घाबरल्या, वकीलबाईंना फोन केला, मग म्हणाल्या की आपण आता काही न करणंच बरं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता बाईने कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन उभं राहून पाहिलं. गणवेशवाली कामाला आली नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

त्या फोननंतर पाचव्या दिवशी ती आली, नवऱ्याबरोबर. नवरा दिसायला नीटस, इस्त्रीचा शर्ट. दारात चपला काढून आत आला आणि पंख्याखालची खुर्ची त्याने बायकोला दिली. चष्मा तयार आहे का, असं विचारून स्वतःच हसला.

"ताई, आमच्या घरात गैरसमज झाला होता, मिटला. वहिनींनी सगळं खरं सांगितलं. म्हणाल्या, हीच मला घेऊन गेली होती, मी आपली सोबत म्हणून गेले." थोरली जाऊ अशी सुटली होती, आणि तिला तरी काय म्हणावं? "आता हिचे कागद तेवढे द्या."

"कागद त्यांचे आहेत. त्यांच्याशी मला एकटीशी बोलावं लागेल. तुम्ही बाहेर बसा."

"नको, बाई," गणवेशवाली म्हणाली. "असू देत ते."

"पोरी, पाच मिनिटं."

"मुलगी घरी सासूबाईंजवळ आहे," ती म्हणाली. एवढंच. तिची नजर टेबलाच्या कडेवर होती.

नवऱ्याने भिंतीवरचा कागद वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसा. "तुमचे कागद तुमचेच आहेत. तुम्ही मागाल तेव्हा ते तुमच्यासमोर फाडले जातील. कारण विचारलं जाणार नाही. नक्कल ठेवली जाणार नाही." वाचून झाल्यावर तो म्हणाला, "चांगला नियम आहे. कोणी केला?"

तो बाईनेच केला होता. हॉस्पिटलच्या खिडकीवरून उठून आल्यावर पहिल्याच महिन्यात, आणि तेव्हाच्या विश्वस्तांशी भांडून. कागद बाईच्या मुठीत राहावेत म्हणून. बाई स्वतः कुणाच्या मुठीत असेल, याचा विचार त्या भांडणात राहून गेला होता.

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "त्या स्वतः मागतायत. आपल्याला नाही म्हणता येणार नाही." आणि नियमाने ते खरं होतं. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं. कागद वकीलबाईंकडे गेलेत म्हणावं, हरवले म्हणावं. पण घरी सासूजवळ बसलेली आठ वर्षांची मुलगी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि खोटं पकडलं गेलं तर ते कुणाच्या पाठीवर निघेल हे तिला फोटोंवरून पाठ होतं. तिने कपाट उघडलं. दाखले फाडले, फोटो फाडले, मग ती तीन पानं. पानं फाडताना गणवेशवालीने डोळे मिटले. नवऱ्याने तुकडे पिशवीत भरून घेतले, एक टेबलाखाली गेला होता तोही वाकून उचलला.

एवढ्यावर ते गेले असते. पण मॅडमचे एकोणचाळीस फॉर्म झाले होते.

"सगळं छान मिटलंय तर जाता जाता हा एक भरून जाता का?" त्या म्हणाल्या. बहुधा त्यांना काहीतरी बोलून ती खोली हलकी करायची होती. "नाव नको. अगदी गुप्त असतं."

बाईने त्यांच्या हातातून फॉर्म घ्यायला हात पुढे केला, पण नवऱ्याने तो आधीच घेतला होता. त्याने पेन उघडून बायकोच्या हातात दिलं आणि खांद्यामागे उभा राहून सांगत गेला. पाचपैकी किती? पाच. वागणूक? उत्तम. आणखी काही सांगायचंय? "लिही, या केंद्रामुळे आमचा संसार पुन्हा उभा राहिला." तिने लिहिलं. शिवणाऱ्या बाईचं अक्षर, एकसारखं, ओळ न सोडणारं.

ते वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर छापून आलं. खाली लिहिलं होतं, नाव गुप्त ठेवले आहे. बाई त्या दिवशी मॅडमना काय काय बोलली, ते केंद्रात अजून सांगतात. पण बोलून झाल्यावर ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. राजीनामा दिला नाही, कारण बाकीच्या बायकांची कार्डं अजून कपाटात होती आणि किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची तिची हिंमत नव्हती. घरी बहिणीने विचारलं, जेवत का नाहीस? तिने कधी नव्हे ते सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

सात आठवड्यांनी एक हवालदारबाई आल्या. वयाने बऱ्याच, थकलेल्या, जिना चढून धाप लागलेली. एका बाईला हॉस्पिटलात आणलंय म्हणाल्या, गणवेश शिवते, जबडा मोडलाय, बोलता येत नाही. नवरा म्हणतो, मोरीत पडली. कारखान्यातल्या बायकांनी तुमचं नाव सांगितलं. याआधी असं झाल्याची काही नोंद आहे का?

"होती," बाई म्हणाली. मग तिने तारखा सांगितल्या, एकेक, तीन पानांतलं सगळं, कुठल्या खांद्यावर, कशाने, मुलगी तेव्हा कुठे होती. एवढं तिला आठवत होतं हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. हवालदारबाईंनी सगळं लिहून घेतलं. त्या मनापासून लिहीत होत्या.

"हे ठीक आहे. पण याला कागदाचा आधार काय? तिच्या हातचं काही आहे?"

"फॉर्म आहे की," मॅडम मदतीच्या सुरात म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला.

हवालदारबाईंनी फॉर्म मागून घेतला. दोनदा वाचला.

"हे तिचंच अक्षर?"

"हो. पण तो मागे उभा होता. त्याने सांगितलं तसं तिने लिहिलं."

"तसं यावर कुठे लिहिलंय का?"

बाईच्या जुन्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न असायचा, हे सांगताना तुमच्याजवळ कोणी आहे का. नव्यावर तो नव्हता. सगळं एका पानात बसवायचं म्हणून मॅडमनी तो काढला, तेव्हा बाई समोरच बसली होती, आणि बाकी कशाला नाही तरी त्याला तिने मान डोलावली होती. एवढ्या एका ओळीवरून कुठे वाद घालायचा, म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "कुठेच लिहिलेलं नाही."

हवालदारबाईंनी तेही लिहून घेतलं.