माटोळीचा वासा

गोव्याच्या राजधानीतल्या उद्यानातली प्रदर्शनाची जुनी इमारत दुरुस्त होऊन पुन्हा उघडली, हे पेपरात वाचल्यापासून आईने आमच्या गावच्या, लाटंबार्शाच्या घरात कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास बाबांनी तिथे माटोळी बांधली होती. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळं टांगतो ती, पण तिथे सगळ्या गोव्यासमोर. फळांच्या चिठ्ठ्या मराठीत लिहायच्या की कोंकणीत, यावरून आयोजक भांडत राहिले. तोवर बाबा बांधून मोकळे झाले. मी तेव्हा लहान. मला त्या दिवसातली आठवतात ती पाव आणि भजी. घरात गोष्टी सांगणारा म्हणून मिरवतो तो मीच.

बाबा आता नाहीत. माटोळी टांगायला त्यांनी ज्याला सुंभ बांधलं, तो वासा आईला एकदा बघायचा होता.

आत गेलो तर सगळं चकचकीत. वासे जुनेच ठेवलेत म्हणे, पण घासूनपुसून, रंग देऊन सगळे एकसारखे. आई मान वर करून फिरली. सुंभाची खूण कुठेच नव्हती.

"ह्योच असतलो गो," मी म्हटलं.

"तू गप. तुका भज्यांपलीकडे काय आठवता?"

मग म्हणाली, "उभो रव बघू. हात वर कर. बांधताना ते मेजावर असेच उभे होते."

मी हात वर केले. शर्टही वर गेला, पोट बाहेर आलं.

"ते बारीक होते," आई म्हणाली. "फुडल्या वाशाखाली चल."

असे एकेक वासा करत निघालो. फोटो काढणारं एक जोडपं थांबून बघायला लागलं. बेळगावकडचा रखवालदार आला.

"काय करायलायसा ओ काका?"

"माटोळी बांधतोय."

त्याला काही कळेना. आईने मग सगळं सांगितलं. त्याने वर पाहिलं, मग दाराकडे. "सायेब यायच्या आत उरका, मावशी."

मधल्या एका वाशाखाली आई थांबली. दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघत राहिली.

"ह्योच," हळूच म्हणाली.

मला तो शेजारच्या वाशासारखाच दिसत होता. खांदे भरून आले होते, हात खाली घ्यायला लागलो.

"रव रे मातसो," आई म्हणाली. "इतक्यात नको."

मी हात वरच ठेवले.