वझ्याचं दुसरं टोक

मंगरूळपीरच्या या गल्लीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून लोखंडी कपाट उतरवताना माझी आणि धाकट्या भावाची पार दमछाक झाली होती. दारापाशी येऊन तर ते जागचं हलेना. मग एकाएकी ते हलकं झालं. मला वाटलं, भावाच्या अंगात शेवटी जोर आला. वाकून पलीकडे पाहतो तर भावाच्या शेजारी एक काटकुळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा कपाटाखाली हात घालून उभा, आणि मलाच बजावतोय, "उंबरठा हाय भाऊ, पाय उचला." कपाट जागेवर लागल्यावर त्याने हात झटकले आणि मग कुठे ओळख सांगितली. "मी शांतवन. बाजूचं घर माहं. मार्थानं चाय ठेवला हाय, या."

शांतवनकाका सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. लोकांच्या जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात नोकरी संपली. गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर त्यांचं. डिसेंबर लागला की दारावर कागदी चांदणी लागायची आणि आमच्या घरी करंज्यांचं ताट यायचं. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली, घरात दोघंच. काकांची एक खोड गावभर माहीत होती. ते घराबाहेर पडताना हातात काहीच घेत नसत, बाजारालासुद्धा पिशवी नाही. मार्थाकाकू चिडायच्या, "भाजी काय खिशात भरून आनता?" काकांचं उत्तर ठरलेलं. "माहेच हात भरले, तं दुसऱ्याचं वझं कायनं धरू?" आणि खरोखर, बसस्टँडवर कुणाचं तरी गाठोडं धरून ते पार पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचायचे आणि भाजी विसरून घरी यायचे.

या कामाची त्यांची स्वतःची शिस्त होती. पहिली गोष्ट, विचारायचं नाही. "इचारलं का मानूस लगेच 'राहू द्या' मनते. त्याले लाज वाटते ना! म्हून इचारू नाई, सरळ धराव." दुसरी गोष्ट, अर्धंच घ्यायचं. "पूरं घेतलं तं तो मालक अन् आपन हमाल. अर्धं घेतलं का दोघं सोबती."

न विचारण्याच्या या हट्टापायी घोटाळेही व्हायचे. समोरचे रफिकभाई शिंपी. एकदा त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीला निघालं होतं आणि दारात अडकलं होतं. काका रस्त्याने आले, बाहेरचं टोक धरलं आणि जीव खाऊन आत ढकलू लागले. आतून रफिकभाई ओरडतायत, "काका, बाहर! बाहर ले जाना है!" काकांना एका कानाने कमी ऐकू यायचं. "हो हो, आलंच आत," म्हणत त्यांनी मशीन पार खिडकीशी नेऊन ठेवलं आणि कपाळाचा घाम पुसला. रफिकभाई हसून हसून खालीच बसले. दुसऱ्या दिवशी काका सकाळीच हजर. "माही चूक, आज पूरं मीच नेतो." रफिकभाईंनी ऐकलं नाही. "आधा-आधा, काका. तुम्हारा ही कानून है."

हे फक्त सामानापुरतं नव्हतं. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा आईने बोलणंच टाकलं होतं. विहारातही जाईना. लोक येऊन समजुतीचं बोलायचे आणि आई आणखीच मिटायची. एका दुपारी ती अंगणात गहू निवडत बसली होती. काका आले, समोर बसून निम्मे गहू स्वतःकडे ओढले आणि खडे वेचू लागले. गहू संपेस्तोवर आईने सगळं सांगून टाकलं होतं. रडून झालं होतं आणि चहाचं आधणही ठेवलं होतं. त्या दिवशी तिनेच विचारलं, "दादा, हे कोनं शिकवलं तुमाले?"

काका म्हणाले, "बाई, माहा प्रभू क्रूस घेऊन चालला, तवा थकला. मंग रस्त्यानं जानाऱ्या एका मानसाले धरून आनलं, अन् त्यानं तो क्रूस वाहिला. देवाच्या वझ्याले बी मानूस लागला. मंग आपल्याले लागला तं त्यात लाज कायची?"

हे सांगणारा माणूस ओझं स्वतःचं असलं की मात्र त्यातलं काही पाळत नव्हता, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं.

दिवाळीनंतर मार्थाकाकूंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. काकांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि दार लोटून घेतलं. अंघोळ, जेवण, मालिश, कपडे, सगळं एकटे. कुणी डबा घेऊन गेलं, कुणी रात्री बसायला येतो म्हणालं, तर दारातूनच उत्तर यायचं, "राहू द्या. दवाखान्यातलाच मानूस हाय मी, जमते मले." आम्ही त्यांच्या शब्दाला मान देऊन परत फिरायचो. हळूहळू काकांचा बाजार बंद झाला, मग रविवारची प्रार्थना. पाठीत वाक आला. डिसेंबर लागला तरी दारावर चांदणी दिसेना. आईचा जीव तुटायचा. "असंच चाललं तं काकूच्या आंधी हाच मानूस खाट धरीन," ती म्हणायची.

नाताळच्या सकाळी काकूंनी चर्चला जायचा हट्ट धरला. पाइपलाइनसाठी गल्ली खणलेली, ऑटो कोपऱ्याच्या अलीकडे येईना. काकांनी काकूंना हात असलेल्या खुर्चीत बसवलं आणि ते त्यांना खुर्चीसकट एकट्याने पायऱ्या उतरवायला लागले. मी, भाऊ आणि रफिकभाई खाली उभे.

"काका, धरू का?" मी विचारलं.

"राहू द्या."

"काका, मदद—"

"राहू द्या म्हटलं ना!"

खुर्ची कलली. काकूंनी डाव्या हाताने दांडा गच्च पकडला. तेवढ्यात आई कणकेच्या हातांनी घरातून धावत आली. "इचारून काय राह्यले बे? धरा!"

आम्ही धरली. काका अजूनही "राहू द्या, राहू द्या" करत होते. तेव्हा वरून काकू अडखळत, एकेक शब्द जुळवत बोलल्या.

"प्रभूनं... म्हटलं होतं का... राहू द्या?"

काकांची पकड सुटली. ते भरल्या डोळ्यांनी रिकाम्या हातांकडे बघत म्हणाले, "मंग मी काय धरू?"

आईने काकूंच्या नव्या चपला उचलून त्यांच्या हातात दिल्या. "हे घ्या, तुमचं अर्धं."

निघाली वरात. "धीरे, धीरे, दुल्हन है!" रफिकभाई ओरडत होते. काकू एका बाजूने हसत होत्या आणि नवऱ्याच्या हातातल्या चपलांकडे बघून पुन्हा हसत होत्या. काका मागून चपला छातीशी धरून सूचना देत होते, "खड्डा हाय भाऊ, पाय उचला." संध्याकाळी त्यांच्या दारावर चांदणी लागली. टोकं चिकटवायला रफिकभाईंची बायको बसली होती. त्या दिवसापासून सकाळची मालिश आईकडे आली आणि काका पुन्हा बाजारात दिसू लागले, अर्थात पिशवीशिवाय.

या उन्हाळ्यात मुलगी दोघांना कायमचं नागपूरला घेऊन गेली. गाडी कोपऱ्यावर उभी होती, काकू आत बसल्या होत्या. शेवटची मोठी पिशवी घेऊन काका घराबाहेर आले. त्यांच्या दोन्ही हातांत सामान असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विचारायचं नाही, हे आता मलाही ठाऊक होतं, म्हणून मी सरळ हात पुढे केला.

पण काका माझ्याआधीच थांबले होते. पिशवीचा एक बंद त्यांनी स्वतःच हातातून सोडवला आणि माझ्यासमोर धरला.

"धर बाप्पा," ते म्हणाले, "अर्धं तुह्यं."