गुढीच्या ब्रॅकेटचे दोन स्क्रू

पट्टी सोडवली आणि मागच्या भिंतीत माझं बोट पेरभर आत गेलं. जोर लावला नव्हता, नुसतं टेकवलं होतं.

"काका, काय झालं?" मागे उभ्या निखिलने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो.

न्यू जर्सीत मी एकवीस वर्षं साइडिंगची कामं करतोय. साइडिंग म्हणजे घराला बाहेरून लावलेल्या विनाइलच्या आडव्या पट्ट्या. इथली घरं लाकडी, त्यांचा हा रेनकोट. ह्या पट्ट्या खिळ्याने आवळायच्या नसतात. उन्हात त्या लांबतात, थंडीत आखडतात, म्हणून खिळ्यावर सैल लटकवायच्या. एका जागी जरी आवळली तरी पट्टी फुगते आणि खालच्या पट्टीची पकड सोडते. माझ्याकडे कामाला येणाऱ्याला हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. ओरडून सांगतो, कारण साध्या आवाजात कुणी ऐकत नाही.

निखिल आमच्या इथल्या मराठी मंडळातला, सॉफ्टवेअरवाला. वाऱ्याने दोन पट्ट्या सुटून फडफडत होत्या म्हणून त्याने बोलावलं होतं. भिंतीच्या पलीकडे त्याच्या आईची खोली. सुमनताई दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. दमा जुनाच होता, पण या हिवाळ्यात त्यांना श्वासच पुरेना.

"शुक्रवारी डिस्चार्ज आहे काका. तेवढं क्लिप करून द्या. फडफड चालू राहिली तर तिला झोप लागणार नाही."

क्लिप करणं म्हणजे पट्टी परत खालच्या पट्टीत अडकवणं. दहा मिनिटांचं काम. पण पट्टीमागचा बोर्ड काळा पडला होता. लाकडाच्या चिप्स दाबून केलेला बोर्ड असतो हा, भिजला की भिजवलेल्या पोह्यांसारखा होतो. मी कापून बाहेर काढला. आतलं इन्सुलेशन ओलं गच्च. ते ओढलं तर खोलीच्या भिंतीची पाठ दिसली. तिच्यावर बुरशी, हिरवी-काळी, थेट पलंगाच्या उंचीपर्यंत.

"बाप रे!" निखिल म्हणाला. "पण पाणी आलं कुठून? विंडो लीक आहे का?"

मी बघत होतो तेच. खिडकीची चौकट कोरडी होती, वरचा बोर्डही कोरडा. ओल एका ठिकाणी सुरू होऊन खाली पसरत गेली होती. आणि ती सुरू होत होती बरोबर गुढीच्या ब्रॅकेटपाशी. झेंड्याची काठी तिरकी उभी करायला मिळतं ना, तसलं लोखंडी ब्रॅकेट. दोन स्क्रू पट्टीतून आरपार बोर्डात गेलेले, गच्च आवळलेले. पट्टी तिथेच फुगून सुटली होती आणि पावसाचं पाणी स्क्रूच्या कडेने सहा वर्षं आत जात होतं.

ते ब्रॅकेट मी लावलं होतं.

सुमनताई इथे कायमच्या राहायला आल्या त्या वर्षीचा पाडवा. आम्ही जेवायला गेलो होतो. गुढी उभी करायला जागा नव्हती. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही असताना गुढी खुर्चीला बांधायची का हो?" मी लगेच ट्रकमधून ड्रिल काढलं. अशा कामाला साइडिंगमध्ये आधी प्लास्टिकचा एक चपटा ब्लॉक बसवायचा असतो, म्हणजे वजन ब्लॉकवर येतं आणि पाणी आत शिरत नाही. ट्रकमध्ये ब्लॉक नव्हता. आत पानं वाढली होती, बायको हाका मारत होती. म्हटलं, घरचंच तर काम आहे, पुढच्या आठवड्यात येऊन नीट करू. दोन स्क्रू मारले आणि श्रीखंड-पुरीवर बसलो. तो आठवडा काही उजाडला नाही. दर पाडव्याला मात्र तीच गुढी बघून मी जेवत आलो.

दोन वर्षांपूर्वी त्या मला म्हणाल्या होत्या, "या भिंतीला कुबट वास येतो हो." मी म्हणालो, "सुमनताई, तुम्हाला अजून सांगलीच्या जुन्या घराचाच वास येतोय." सगळे हसले. त्याही हसल्या. नंतर त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

निखिल फोनवर फोटो काढत होता. "आम्ही घर घेतलं तेव्हाचंच डिफेक्टिव्ह असणार. बिल्डरने काय घोळ घातलाय बघा काका."

तो बिल्डर कधीच धंदा बंद करून गेला होता. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी विषय संपत होता.

"बिल्डर नाही," मी म्हणालो. "हे स्क्रू माझे आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ब्रॅकेटकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"डॉक्टर विचारत होते, घरात मोल्ड आहे का," तो म्हणाला. "मी नाही म्हणून सांगितलं."

त्याने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. शुक्रवारचा डिस्चार्ज पुढे ढकलायला लावला. मी खोलीतल्या गाद्या, पडदे, सगळं बाहेर काढलं आणि त्याच दिवशी भिंत उघडली. आठ दिवस मी एकटाच खपलो. नवा बोर्ड, नवं इन्सुलेशन, नवी भिंत, पट्ट्या सैल लटकवलेल्या. आयुष्यात इतकं नीट काम मी केलं नसेल.

सुमनताई त्या खोलीत परत आल्या नाहीत. दमा पुन्हा उसळला आणि नवव्या दिवशी त्या हॉस्पिटलमध्येच गेल्या. बुरशीनेच झालं का, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता आलं नाही. नाही झालं, असंही ते म्हणाले नाहीत.

तेराव्याला गेलो तेव्हा निखिलने मला चहा दिला. निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, ते ब्रॅकेट परत नका लावू." बस, एवढंच. त्यानंतर त्याचा फोन नाही.

आता मंडळात कुणी म्हणालं, "काका, दोन स्क्रू मारायचेत, येता येता करून द्या," तर मी अपॉइंटमेंट घ्यायला सांगतो. काका फार कमर्शियल झालेत, असं लोक म्हणतात. म्हणू देत. ट्रकमध्ये ब्लॉकचा अख्खा खोका असतो. एक ब्लॉक बसवायला चाळीस मिनिटं लागतात. पानं वाढलेली असली, तरी आधी मी तो बसवतो.