कन्हेरीतील काळ्या बिअरचा निकाल

कुमुदिनी अनंत दातार, आपला वाद मिटविण्यासाठी मी बारामतीला गेलो होतो. गूळ, विड्याचे पान आणि डाळिंब घालून बिअरचे प्रयोग करावयाचे, तर खाली मूळ काळी बिअर कोणती घ्यावी, एवढाच तो वाद. मी स्टाउटच्या बाजूचा: करपू लागेपर्यंत भाजलेल्या बार्लीची, ठाम आणि कडू. तू पोर्टरच्या बाजूची: काळी, परंतु मऊ. तुझी शेवटची पोर्टर बारामतीजवळच्या कन्हेरी गावी भाड्याच्या खोलीत स्टीलच्या टाकीत मुरत होती. कृती तू कोठेही लिहिली नव्हतीस. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, तू मुठीने घेत असस. त्यामुळे ती टाकी संपली की ती चव संपणार होती. खोली सोडण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून चाखावयाच्या, असे ठरवून निघालो.

ज्यांना या रस्त्याने जावयाचे आहे त्यांनी स्वारगेटहून सासवड-मोरगावमार्गे जाणारी एसटी घ्यावी. ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते. मोरगावला गाडी थांबते. तेथील चहा अतिगोड असतो. सहप्रवाशांनी देवळाकडे हात जोडले. मी जोडले नाहीत.

बारामतीत मुक्काम केला. स्थानकाजवळचे लॉज स्वच्छ होते, भिंती मात्र पातळ. सकाळी बाजारातून काळसर गूळ घेतला आणि इंदापूरची गाडी पकडली. वाटेत निमगाव केतकीला उतरून पानमळ्यात गेलो. वेलींखाली गारवा होता. मळेवाल्या आजोबांनी विचारले, “पानं कशाला पायजेत?”

“बिअरमध्ये घालून पाहावयाची आहेत.”

“आमच्यात पिऊन झाल्यावर पान खात्यात, वास जावा म्हून,” ते म्हणाले. “तुमचं उलटंच हाय.” पैसे घेतले नाहीत. ही थट्टा तुला आवडली असती. मला ती लांबली असे वाटले.

इंदापुरात डाळिंबे घेतली, एका खानावळीत पिठले-भाकरी जेवलो (ठेचा मागून घ्यावा) आणि परतीच्या गाडीने दुपारी कन्हेरीला पोहोचलो.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना उकळत्या माल्टचा वास सोसवेना, म्हणून ही खोली आपण घेतली होती. घरमालक बबनतात्या यांनी किल्ल्या दिल्या. आत टाकी लख्ख घासून पालथी घातलेली होती. माझ्या स्टाउटच्या बाटल्या जागच्या जागी होत्या.

तात्यांच्या पत्नी दारात आल्या. “बाई गेल्याचं कळलं, त्याच दिशी रिकामी केली. गेलेल्या मानसानं भरल्यालं भांडं ठिवत न्हाईत, सर. जीव घुटमळतो.”

“आणि या बाटल्या?”

“त्या तुमी भरल्या व्हत्या. तुमी हाय न्हवं.”

मी बाहेर जाऊन पाहिले. पोर्टर अंगणातील कडुलिंबाच्या बुडाशी ओतली होती. तेथील माती कोरडी होती, वासही उरला नव्हता.

तरीही मी प्रयोग केला. पाने कुटून, डाळिंबाचा रस काढून, गूळ विरघळवून तीन पेल्यांत स्टाउट ओतली. पानाच्या पेल्यात पान नव्हते. डाळिंब बुडाले होते. गुळाच्या पेल्यात गूळ घातल्याचे मलाच आठवत होते, जिभेला नव्हे. तात्यांनीही एक घोट घेतला.

“कारलं हाय की ह्ये. बाईंची बरी व्हती.”

“तुम्ही ती प्यायलात?”

“एक पेला. चाखल्याबिगर कसं वतायचं? घरची म्हनली, सुतकात बी ह्यांची जीभ गप बसंना.”

“कशी होती?”

तात्यांनी पेला खाली ठेवला. “काळी व्हती, पर तोंडात आडवी येत न्हवती. मी वर गूळ खाल्ला, तर गूळ लागला.”

तू नेमके हेच म्हणत असस. निकाल लागला, पण तो तात्यांच्या जिभेवर लागला, माझ्या नव्हे.

हे पुण्याच्या घरी लिहीत आहे. असे प्रयोग करणाऱ्यांनी मऊ पोर्टर घ्यावी आणि भाजलेली बार्ली अगदी थोडी ठेवावी. किती थोडी, ते मला सांगता येणार नाही. पाने येथे आणली होती. ती काळी पडली. लोक म्हणतात, काळाने कडूपणा कमी होतो. स्टाउटचा तर झालेला नाही.

कन्हेरीहून निघताना उरलेल्या बाटल्या मी त्याच लिंबाखाली ओतल्या. भरलेले काही मागे ठेवले नाही. खोलीला कुलूप लावले आणि किल्ल्या तात्यांना परत केल्या.