गाढवी नदीची सरळ रेघ

केशोरीचा उदाराम ढिवर गाढवी नदीत मासे धरून पोट भरायचा. १९०९च्या हिवाळ्यात सरकारी मोजणीचा तांडा आला आणि साखळी ओढायला त्याला धरून नेलं. तांड्याचे मुख्य होते यादोराव, नागपूरचे मोजणीदार. डोक्यावर रेशमी फेटा आणि मनात जंगलाची एवढी धास्ती, की वाघाचा माग दिसला की त्यांना लगेच तंबूतलं काम आठवायचं.

टेकडीपलीकडे तीन कोस नदी मोजायची राहिली होती. यादोरावांनी टेकडीवरूनच दुर्बीण लावली. बांबूच्या रानापलीकडे काही दिसेना. मग त्यांनी पेन्सिलीनं सरळ रेघ ओढून टाकली.

"साहेब, नदी तिथं सरळ नाई," उदाराम म्हणाला. "मोठं वळण घेऊन पलीकडून जाते. चाला, दाखवतो."

"नकाशा तू काढतोस की मी?"

"तुमीच काढून राहिले. पन न पाहता काऊन काढता?"

या प्रश्नापायी उदाराम दिवसभर उन्हात साखळी धरून उभा राहिला. यादोरावांना पुढे बढती मिळाली. अशांना मिळतेच.

नऊ वर्षांनी, ऐन धानकापणीत, जंगलाची हद्द आखायला एक तरुण अधिकारी तो छापील नकाशा घेऊन आला. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे सरकारी जंगल. नकाशातली नदी खऱ्या नदीपेक्षा गावाच्या जवळून जात होती, म्हणून उदारामची बायको देवकाबाई कसत होती ती धानाची बांधी जंगलात गेली.

"जमीन खाली करा," साहेबानं फर्मावलं.

"करतो ना," उदाराम म्हणाला. "पयले नकाशातली नदी दाखवा."

साहेब ऐटीत निघाला. काट्याकुट्यातून तासभर चालून नेमक्या जागी पोचला. तिथं खडकाळ बरड होतं आणि एक वारूळ.

"हेच तुमचं पात्र, साहेब. पानी प्या!"

बरोबरचा शिपाई तोंड फिरवून हसला. उदारामनं साहेबाला तसंच पुढे नेऊन खऱ्या नदीत गुडघाभर पाण्यात उभं केलं. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला.

पण छापलेलं चुकतं, असं लिहायची त्याची छाती कुठली! त्यानं अहवालात लिहिलं, 'नकाशा काढल्यानंतर नदीनं प्रवाह बदलला.'

बांधी वाचली. शिपायानं अहवाल वाचून दाखवला, तेव्हा मात्र उदाराम थुंकला.

"माह्या आज्यापासून तिथंच वाहून राहिली ते. चूक साहेबायची, न् आळ नदीवर!"

"लिहू दे," देवकाबाई म्हणाली. "चाल, धान कापाचा हाय."